पत्ता, विमा, शाळा : मुलांना घेऊन म्युनिकला जाताना आधी काय ठरवावे?

कर्वेनगरची आई (प्रश्न)

नमस्कार. माझ्या यजमानांना म्युनिकमध्ये नोकरी मिळाली असून ते १ जुलै २०२६ रोजी रुजू होत आहेत. करार तीन वर्षांचा आहे आणि वार्षिक पगार ८० हजार युरोंच्या थोडा वर आहे. मुलगी नोव्हेंबर २०१७ मधली. तिने एप्रिलमध्ये इथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून तिसरी पूर्ण केली. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मुलीला चौथ्या वर्षापासून बालदमा आहे. गेल्या दीड वर्षात रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आलेली नाही, पण पावसाळ्यात आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत पंप हाताशी ठेवावाच लागतो.

कंपनीने नेमून दिलेल्या सल्लागाराकडून एक लांबलचक यादी आली आहे. तिच्यात घर, बँक, फोन, वाहन परवाना असे सगळे तपशीलवार दिलेले आहे आणि मुलांविषयी मात्र ‘शाळा व वैद्यकीय : तिथे गेल्यावर पाहावे’ एवढी एकच ओळ आहे. माझी सगळी काळजी त्या एका ओळीत आहे.

आम्ही सर्वांनी जुलैतच एकत्र जावे, की यजमानांनी पुढे जाऊन घर पाहावे आणि मग आम्ही जावे? सल्लागाराच्या म्हणण्यानुसार खासगी आरोग्यविमा स्वस्त पडतो आणि डॉक्टरांची वेळही लवकर मिळते. तो घ्यावा का? मुलीला तिथे वयानुसार पुन्हा तिसरीतच बसवतील असे कळते, त्यामुळे तिचे एक वर्ष वाया जाईल असे सासूबाईंना वाटते आणि खरे सांगायचे तर थोडेसे मलाही वाटते. लसीकरणाच्या नोंदींचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. मुलीचे सगळे लसीकरण खासगी डॉक्टरांकडे झाले. मुलाचे मात्र महापालिकेच्या दवाखान्यात झाले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

इझारकाठचा पुणेकर

नमस्कार ताई. मी २०१४ पासून म्युनिकमध्ये आहे. विम्याचा प्रश्न सर्वांत आधी घेतो, कारण त्यातली चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती निस्तरायला मला अनेक वर्षे लागली.

जर्मनीत दोन व्यवस्था आहेत. बहुसंख्य लोक ज्या वैधानिक विमा निधीत असतात त्याला क्रांकेनकासे किंवा नुसते कासे म्हणतात. दुसरी व्यवस्था खासगी विम्याची. नोकरदाराला खासगी विमा घेण्याची मुभा त्याचा वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच मिळते. २०२५ मध्ये ही मर्यादा ७३,८०० युरो होती, २०२६ मध्ये ती ७७,४०० युरो झाली आहे. म्हणजे तुमच्या यजमानांना निवड करता येईल, आणि नेमकी हीच गोष्ट एजंट लोकांना ठाऊक असते.

कासेमध्ये हप्ता पगाराच्या प्रमाणात ठरतो. मूळ दर १४.६ टक्के असून त्यावर त्या त्या कासेचा थोडा अधिभार असतो आणि साधारण निम्मा वाटा कंपनी भरते. पगार कितीही वाढला तरी हप्त्याला वरची मर्यादा आहे. मुख्य मुद्दा असा की पत्नीला स्वतःचे उत्पन्न नसेल, तर ती आणि मुले त्याच हप्त्यात, एक सेंटही जास्त न देता, विमाधारक होतात. शिवाय कोणालाही कसले आजार आहेत हे विचारले जात नाही. खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो आणि प्रत्येकासाठी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. तुमच्या मुलीच्या अर्जावर ‘दमा’ हा शब्द आला की एक तर जादा हप्ता लागेल किंवा अर्जच नाकारला जाईल.

मी एकटा आलो तेव्हा मला खासगी विमा खरोखरच स्वस्त पडला. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली आणि तोच विमा चार माणसांचा होऊन बसला. परत कासेमध्ये जाऊ म्हटले तर तसे सहजासहजी जाता येत नाही. पगार मर्यादेच्या खाली यावा लागतो. या जानेवारीत मर्यादा वाढली, माझा पगार योगायोगाने तिच्या खाली राहिला आणि मी एकदाचा सुटलो. पगारवाढ मिळाली नाही याचा आनंद झालेला आमच्या कार्यालयात मी एकटाच असेन! वयाच्या ५५ नंतर तर परतीची वाट जवळजवळ बंदच होते.

तेव्हा यजमानांना सांगा की पहिल्याच नोकरीच्या सुरुवातीपासून तीन महिन्यांच्या आत कासेचे सदस्यत्व घ्यावे. जर्मनीतली पहिलीच नोकरी आणि पगार मर्यादेच्या वर, अशा माणसाला कासेमध्ये स्वेच्छेने येण्यासाठी कायद्याने एवढीच मुदत दिलेली आहे. कुटुंबाचा समावेश मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले द्यावे लागतात. व्हिसासाठी म्हणून जो स्वस्त प्रवासी विमा काढतात, तो विमान उतरल्यापासून कासेचे कार्ड हाती येईपर्यंतचा पूल आहे एवढेच समजावे. त्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात आणि निवासपरवान्याच्या वेळी तो पुरेसा धरला जाईल याचा भरवसा नसतो.

एक जाता जाता. आजी-आजोबा या कौटुंबिक विम्यात बसत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा त्यांचा प्रवासी विमा वेगळा काढावा लागेल.

भाकरी आणि ब्रेट्सेल

ताई, शाळेबद्दल मी लिहिते, कारण आमची मुलगीही नेमकी तिसरीतच इथे आली आणि तिला तेव्हा जर्मनमधला एक शब्द येत नव्हता.

आधी कधी यावे ते पाहू. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात, सरकारी प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, पालक निवडत नाहीत. तुमच्या राहत्या पत्त्याला नेमून दिलेली जी शाळा असेल तिथे मूल जाते. यजमानांना सुरुवातीला कंपनीकडून दोन-तीन महिन्यांसाठी जे सुसज्ज घर मिळेल, त्या पत्त्यावर तुम्ही आलात तर मुलीला त्या भागातल्या शाळेत घालावे लागेल आणि कायमचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाले की पुन्हा नवी शाळा, नवी बाई, नव्या मैत्रिणी. जुन्याच शाळेत राहू द्यावे असा अर्ज करता येतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. शिवाय काही तात्पुरत्या घरांचे मालक नगरपालिकेत पत्ता नोंदवण्यासाठी लागणारे पत्रच देत नाहीत आणि नोंदणी झाली नाही तर पुढचे प्रत्येक काम अडते.

दुसरे म्हणजे यंदा बायर्नमध्ये ३ ऑगस्टपासून १४ सप्टेंबरपर्यंत उन्हाळी सुट्टी आहे आणि नवे वर्ष १५ सप्टेंबरला सुरू होते. जुलैत आलात तर मुलगी वर्ष संपता संपता, सहली आणि निरोपसमारंभांच्या गडबडीत वर्गात जाऊन बसेल आणि लगेच सहा आठवडे घरी असेल. म्हणून यजमानांनी पुढे यावे, जुलै-ऑगस्टमध्ये घर पक्के करावे आणि तुम्ही ऑगस्टच्या अखेरीस थेट त्या पत्त्यावर यावे, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आता वाया जाणाऱ्या वर्षाविषयी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावे की हे वर्ष देवानेच दिले आहे. इथे चौथीच्या अखेरीस मुलांची वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा एक दाखला देते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी असते. गुण १ ते ६ असतात आणि १ सर्वांत चांगला. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझिउममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, आणि २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूलेमध्ये, म्हणजे दहावीपर्यंतच्या माध्यमिक शाळेत, जाऊ शकते. मुलीला हट्टाने चौथीत बसवलेत तर भाषा न येता आठ महिन्यांत तिला या चाळणीतून जावे लागेल. तिसरीत बसली तर तिला जवळजवळ दोन वर्षे मिळतात. शिवाय ज्या मुलांनी पहिलीपासून जर्मन शाळेत शिक्षण घेतलेले नाही, त्यांच्या बाबतीत कमी गुणांचे कारण केवळ भाषा असेल आणि ती उणीव भरून निघण्याजोगी असेल, तर ३.३३ पर्यंतची सरासरीही ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. ही तरतूद पालकांनी स्वतःहून विचारावी. आम्हाला ती दुसऱ्या एका आईने सांगितली.

भाषेसाठी काही शाळांत वेगळे जर्मन वर्ग असतात. तसा वर्ग नसेल तर मूल नेहमीच्या वर्गात बसते आणि आठवड्यातले काही तास त्याला वेगळे जर्मन शिकवतात. आमची मुलगी नेहमीच्या वर्गातच बसली. पहिल्या दिवशी बाईंनी तिला तिच्या आणि तिच्या वडिलांच्या, अशा दोन्ही नावांनी हाक मारली, कारण पासपोर्टवर दोन्ही नावे एकाच रकान्यात होती. ती चार दिवस गोंधळून मागे वळून पाहत असे. शाळेने दिलेल्या यादीत वर्गात घालायच्या सपाता आणि शाईचे पेन होते. गणितात ती हुशार, तरी पहिली चाचणी रिकामी आली. कारण इथे भागाकाराचे चिन्ह दोन टिंबे, गुणाकाराचे एक टिंब, दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि उभ्या गुणाकाराची मांडणीही निराळी. एक गोष्ट मात्र तिला वर्गातल्या इतर परदेशी मुलांपेक्षा पटकन जमली. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस, अगदी आपल्यासारखे. आजीने इंग्रजी शाळेच्या नाकावर टिच्चून पाठ करून घेतलेले मराठी अंक असे कामाला आले. तुमच्या मुलीचे मराठी पाढे पक्के नसतील तर या दोन महिन्यांत तेवढे जरूर करून घ्या.

मुलीचा निकाल विचाराल तर तिची सरासरी २.६६ आली आणि ती रेआलशूलेमध्ये गेली. मला महिनाभर वाईट वाटले, तिला एक दिवससुद्धा नाही. आता सहावीत आहे आणि दहावीनंतर पुढचे मार्ग तिला मोकळे आहेत.

लहान मुलासाठी किंडरगार्टनची जागा मिळणे हे मुलीच्या शाळेपेक्षा अवघड जाईल. वयाच्या पहिल्या वर्षापासून जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क आणि जागा यांची गाठ पडेलच असे नाही. शहराच्या किटाफाइंडर या संकेतस्थळावर घर ठरल्या दिवशीच अर्ज करा. मुलीची शाळा दुपारीच सुटते. त्यानंतरच्या सांभाळासाठी होर्ट किंवा मध्यान्ह देखभाल यांचाही अर्ज तेव्हाच करा. ऑगस्ट २०२६ पासून दिवसभराच्या देखभालीचा जो नवा हक्क लागू होत आहे, तो सध्या फक्त पहिलीत जाणाऱ्या मुलांना आहे.

नाशिकचे बालरोगतज्ज्ञ

माझ्याकडे दरवर्षी जर्मनीला जाणारी काही कुटुंबे येतात, त्यामुळे लसीकरण आणि दमा यांपुरते लिहितो.

जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवरविषयक कायदा लागू आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराच्या लसीचा किमान एक आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किमान दोन डोस झाल्याचा पुरावा शाळेत आणि किंडरगार्टनमध्ये द्यावा लागतो. शिक्षण सक्तीचे असल्यामुळे पुराव्याअभावी शाळा प्रवेश नाकारत नाही, मात्र प्रकरण आरोग्य कार्यालयाकडे जाते आणि २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. किंडरगार्टन मात्र पुराव्याशिवाय मुलाला घेतच नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात आणि नंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेला लस देतात, त्यामुळे तुमच्या मुलाचे दोन डोस झालेले असणार. फक्त त्या लसीत गालगुंडाचा भाग नसतो. तो आणि कांजिण्यांची लस तिथले डॉक्टर सावकाश पूर्ण करून देतील. त्यासाठी जाण्याआधीच्या आठवड्यात घाईने सगळे टोचून घेण्याची गरज नाही.

अडचण लसींची नसते, कागदाची असते. महापालिकेचे कार्ड बहुधा घडीवर फाटलेले असते आणि खासगी फाईलमध्ये डॉक्टरांनी केवळ कंपनीच्या नावाची चिकटपट्टी लावलेली असते. आपल्या पुण्यातच तयार होणारी ट्रेसिव्हॅक ही गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आहे, हे म्युनिकच्या डॉक्टरांना नावावरून कळेलच असे नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून एक टंकलिखित इंग्रजी तक्ता करून घ्या : प्रत्येक लस कोणत्या रोगांविरुद्ध, कोणत्या तारखेला दिली, आणि खाली सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची, नोंद ठळक असावी. जर्मनीत ती लस १९९८ पासून शिफारशीत नाही. क्षयरोगाची त्वचाचाचणी करण्याची वेळ आली आणि ती बीसीजीमुळे सकारात्मक आली, तर या नोंदीमुळे डॉक्टरांना तिचा अर्थ लावणे सोपे जाते.

मुलीच्या दम्यासाठी डॉक्टरांचे एक पानी पत्र न्यावे. त्यात औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, शेवटचा झटका केव्हा आला आणि तेव्हा काय दिले हे असावे. दोन-तीन महिन्यांचे पंप मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात न्या आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, विसरू नका. तिथे साधा साल्बुटामोलचा पंपही चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जाण्याच्या तोंडावर ‘आता बरी आहे’ म्हणून नियमित औषध बंद करणारे पालक मला दरवर्षी भेटतात. तसे करू नका. म्युनिकमध्ये धूळ आणि दमट हवा कमी असेल, पण वसंतात बर्च झाडांचे परागकण हा नवा त्रास सुरू होऊ शकतो, हे मनात असू द्या.

कर्वेनगरची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खासगी विम्याचा विचार आम्ही काल रात्रीच सोडून दिला. अजून दोन शंका आहेत. बालरोगतज्ज्ञ आधीपासून शोधून ठेवता येतात का, कारण बऱ्याच ठिकाणी नवे रुग्ण घेत नाहीत असे वाचले. आणि तीन वर्षांचाच करार असेल तर मुलीला जर्मन माध्यमात घालणे योग्य आहे का? आमच्या ओळखीतल्या एकांनी आंतरराष्ट्रीय शाळेचाच आग्रह धरला आहे.

इझारकाठचा पुणेकर

तिथे मी थोडा त्या ओळखीतल्या माणसाच्या बाजूचा आहे. परत यायचे नक्की असेल आणि कंपनी शुल्क देत असेल, तर इंग्रजी शाळेत मुलीची गाडी रुळावरून उतरत नाही. स्वतःच्या खिशातून मात्र नको. एका मुलाचे वर्षाचे शुल्क २० हजार युरोंच्या पुढे जाते. अर्थात मी स्वतः दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो, तेव्हा ‘नक्की’ या शब्दावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

भाकरी आणि ब्रेट्सेल

मी असहमत आहे. तीन वर्षांनी मुलगी साडेअकरा वर्षांची असेल. सातवीत परत बसवणे अवघड नाही, विशेषतः इंग्रजी आणि गणित घरी चालू ठेवले तर. हेच मूल नववीत असते, तर मीही आंतरराष्ट्रीय शाळाच म्हटले असते. मात्र तिकडून निघताना शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके मूळ प्रतीत घ्या. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव भरलेले आहे की जागा कोरीच आहे, हेही आजच पाहा. आमच्या धाकट्याची ती कोरी होती आणि त्यासाठी आजोबांना महापालिकेत चार खेपा घालाव्या लागल्या. जर्मन भाषांतराची वेळ आलीच, तर ते जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. पुण्यात केलेले भाषांतर आमच्या वेळी स्वीकारले नव्हते.

डॉक्टरांबाबत : हो, शोधावेच लागतात आणि दूरध्वनीवर बहुधा नकार मिळतो. आम्ही घराजवळच्या दवाखान्यात सकाळी आठला मुलांना घेऊन प्रत्यक्ष गेलो, दम्याचे पत्र दाखवले आणि दुसऱ्या ठिकाणी होकार मिळाला. तरीही जमले नाही तर ११६११७ या क्रमांकावरून वेळ मिळवून देतात. रात्री-अपरात्री ताप आला तरी हाच क्रमांक. श्वास लागला तर मात्र विचार न करता ११२. मुलाची शाळापूर्व तपासणी पाच वर्षे पूर्ण झाल्यावर लगेच येते, तिची नोंद मुलांच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीत होते. ती वही पहिल्याच भेटीत मागून घ्या. आणि साध्या तापाला इथे प्रतिजैविक मिळत नाही. ‘भरपूर पाणी पाजा, तीन दिवसांनी या’ असे ऐकून पुण्याच्या आईचा जीव वरखाली होतो, हे मी अनुभवाने सांगते. अठरा वर्षांखालील मुलांना कासेमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांचे वरचे पैसे पडत नाहीत, एवढे समाधान.

आणखी एक. सुट्टी लागण्याच्या चार दिवस आधीची स्वस्त तिकिटे काढू नका. शिक्षण सक्तीचे आहे, मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय मूल गैरहजर राहिले तर दंड होतो, आणि बायर्नच्या विमानतळावर पोलिसांनी शाळेच्या दिवशी निघालेली कुटुंबे तपासल्याचीही उदाहरणे आहेत.

कर्वेनगरची आई

ठरले. यजमान २७ जूनला निघतील, कासेचा अर्ज रुजू झाल्याच्या आठवड्यातच देतील आणि घर पाहताना जवळची ग्रुंडशूले कोणती हे आधी विचारतील. आम्ही तिघे २५ ऑगस्टच्या सुमारास. आज सकाळी दोन्ही जन्मदाखले कपाटातून काढले. मुलीचा ठीक आहे, मुलाच्या दाखल्यावर नावाची जागा खरोखरच कोरी आहे. सोमवारी महापालिकेत जाते आहे. मुलगी ओट्यावर बसून पंधराचा पाढा म्हणते आहे आणि जर्मन मुलांनाही पंधरा नव्वे पस्तीसासे येते का, असे विचारते आहे. पाढा बरोबर आहे, पंधरा नव्वे एकशे पस्तीसच.